पावर विंडो हळू चालते, मध्येच अडकते. काय करावं?

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी. २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. पुढच्या दोन्ही काचा हळू झाल्यात. ड्रायव्हर साइडची रडतखडत वर जाते. डावी निम्म्यावर थांबते, दहा मिनिटं सोडली की परत चालते. महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं गोव्याला जाणं होतं. बाबांना घाटात गाडी लागते, त्यामुळं त्यांच्या बाजूची काच उघडमीट करावीच लागते. मागच्या वेळी जांबोटीच्या पुढं पाऊस सुरू झाला नि काच वर येईना. मी बटण दाबतोय आणि बाबा दोन्ही तळहातांनी काच वर ढकलतायत. शहात्तर वर्षांचा माणूस, खांद्यापर्यंत भिजला. फार वाईट वाटलं. बजेट १५०० रुपये. कुणी हे काम करून घेतलंय का?

निपाणीकर:
सरळ काच वर-खाली करणारी मशीन आणि मोटरचा सेट बदला. मी दोन दारांना साडेसात हजार घातले. चार वर्षं झाली, बटणाला बोट लावलं की काच वर. १५०० त काही होत नाही.

घटप्रभा_काठ:
काहीही करा, पण गंज सोडवायचा स्प्रे काचेच्या कडेच्या रबरावर मारू नका. मी मारला. आठ दिवस झकास. मग उसाचा सीझन लागला, ट्रॅक्टरमागची सगळी धूळ त्या तेलाला चिकटली आणि रबर फुगलं. काच पहिल्यापेक्षा जड झाली. शेवटी नवी बीडिंग, म्हणजे ती रबरी पट्टीच, घालावी लागली.

वडगाव_गल्ली:
मशीनच बदला, दुसरा उपाय नाही. पण सामान कोल्हापूरला घ्या, इथं दर लई लावतात.

शहापूरकर:
कोल्हापूर कशाला वो? बेळगावातनं जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर, टोल वेगळा. वाचलेले पैसे पेट्रोलातच जातात की.

निपाणीकर:
आम्हाला कोल्हापूर चाळीस किलोमीटर. आम्ही तिकडंच जाणार.

उद्यमबाग_वायरमन:
बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, म्हणून सांगतो. दहा मिनिटांनी परत चालते म्हणजे मोटर जळलेली नाही. काच चॅनेलमध्ये, म्हणजे ती सरकते त्या रबरी खाचेत, घासते, मोटरवर लोड येतो, ती तापते आणि आतला कट-आउट तिला बंद करतो. गार झाली की परत सुरू. चॅनेल तसंच ठेवून नवी मोटर घातली तर तीही वर्षा-दोन वर्षांत अशीच रडणार.

आधी इंजिन बंद, पण चावी ऑन ठेवून काच वर घ्या, मग इंजिन चालू करून घ्या. बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, चालू असताना चौदाच्या जवळ. थोडा फरक पडणारच. पण बंद असताना काच हलतच नसेल तर वायर, अर्थिंग किंवा स्विचचे पॉइंट बघा. डावी काच तिच्या दारावरच्या बटणानं नीट चालते आणि ड्रायव्हरच्या बटणानं हळू, असं असेल तर दोष ड्रायव्हरच्या स्विचमध्ये. दार आणि खांबाच्या मधला रबरी पाइप सोलून बघाच. दार उघडझाक होऊन आतल्या वायरीची तार तुटत जाते, वरनं दिसत नाही.

मग काच पूर्ण खाली करून चॅनेलची खाच ओल्या फडक्यानं पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. ग्रीस फक्त मशीनच्या लोखंडी पट्टीला, रबराला नको. आणि मोटर काढणार असाल तर आधी काच वर करून चौकटीला ब्राउन टेपनं चिकटवा, नाहीतर धाडकन दारात पडते.

वडगाव_गल्ली:
मीपण तेच म्हणत होतो, आधी साफसफाई.

हँडलवाले_काका:
माझी १९९८ ची गाडी, चारही काचांना हँडल. आजवर एक पैसा खर्च नाही. बटणं आली आणि दुखणी आली.

निपाणीकर:
काका, आता कोण हँडल फिरवत बसणार? सेट बदला आणि मोकळे व्हा.

खानापूरवाला:
रविवारी दोन्ही डोअर पॅड, म्हणजे दारांची आतली आवरणं, उघडले. ड्रायव्हरच्या चॅनेलमधनं तांबड्या मातीची वडीच निघाली, नखानं खरवडावी लागली. दाराच्या खालच्या काठाची पाणी जायची भोकंपण पाल्यानं बुजलेली, आत पाणी साठलेलं. वायरमनदादांनी सांगितलं तसं पुसलं, स्प्रे मारला. आधी वर यायला अकरा सेकंद लागायचे, आता पाच. स्प्रेचे साडेतीनशे गेले. मनापासून आभार.

डाव्या दाराला मात्र हँडलची मशीन बसवली. आमच्याच गाडीच्या साध्या मॉडेलची, पॅडसकट, भंगारातनं ९०० रुपयांत मिळाली. बाबांना बटण वर की खाली हे कधीच लक्षात राहत नव्हतं. हँडल हातात आल्याबरोबर त्यांनी अंगणातच चार वेळा काच खाली-वर केली.

निपाणीकर:
गाडी विकताना भाव पडणार बघा.

उद्यमबाग_वायरमन:
डावी मोटरपण साफसफाईनं चालली असती, पण बाबांना सोयीचं ते खरं. त्या दारात सुटं राहिलेलं वायरीचं कपलर (जोडणीचं टोक) टेप गुंडाळून वर बांधा. पावसाचं पाणी लागलं तर फ्यूज उडेल.

खानापूरवाला:
बांधलेलं नव्हतं. आत्ताच पॅड परत उघडतो.