मदत हवी आहे: पेन ड्राइव्हच्या व्हायरससाठी विंडोज सोडून लिनक्स टाकू का?

मंडळी, सांगलीत विश्रामबागला आपलं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर कॉलेजची पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यातनं तो शॉर्टकट व्हायरस येतोच, म्हणजे फोल्डर गायब आणि त्याच नावाचा शॉर्टकट, क्लिक केलं की कारभार आटोपला.

मशीन आय-३ सहावी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्याचा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी प्रोसेसरच बसत नाही, नवीन मशीनचं बजेट आत्ता तरी नाही. ऑटोरन (पेन ड्राइव्ह लावला की त्यातलं आपोआप सुरू होणं) बंद केलंय, विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा फुल स्कॅन मारतो, दोनदा फॉरमॅट पण झालं (पासवर्डवालं अकाउंट वेगळं करा म्हणू नका, तेही केलंय, पण कामाला ठेवलेला पोरगा ॲडमिनमधनंच बसतो). क्रॅक सॉफ्टवेअर एकही नाही, आधीच सांगतो.

भाचा म्हणतो लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) टाक, विंडोजची इएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, तिथं आपोआप चालतच नाही. पटतंय, पण मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि अंगठ्याचं मशीन विंडोजवरच चालतं, त्यामुळं विंडोज पूर्ण काढता येणार नाही.

तर विचारायचं एवढंच की जुन्या दुसऱ्या मशीनवर मिंट टाकून गिऱ्हाइकाचे पेन ड्राइव्ह फक्त तिथंच उघडले आणि पीडीएफ तेवढी नेटवर्कवरनं विंडोजला पाठवली, तर व्हायरस खरंच अडतो का, का फाइलीबरोबर तोही गुपचूप पलीकडं जातो? कुणी दुकानात असं चालवतंय का?