राजकीय संस्था आणि अर्थकारण: मूळ संशोधन वाचायला सुरुवात कुठून करू?

पानवाचक

नमस्कार. न्यायालयं, निवडणुका, करव्यवस्था, जमिनीचे हक्क यांचा एखाद्या देशाच्या भरभराटीशी नेमका काय संबंध असतो, यावर वर्तमानपत्रांतून बरंच वाचते. २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना याच विषयासाठी मिळालं, तेव्हापासून मूळ शोधनिबंधच वाचावेत असं फार वाटतंय. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तकं सुचवू नका. त्यांत निष्कर्ष मिळतो, पण तो कसा काढला ते कळत नाही. संख्याशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षापुरतं येतं. काय वाचू, आणि वाचताना कशाकडे लक्ष देऊ?

दीपमाळ

ज्यासाठी नोबेल मिळालं तिथूनच सुरू करा, पण निबंध एकटा वाचू नका. मूळ निबंध, त्यावरचा आक्षेप आणि लेखकांचं उत्तर, असं सलग वाचा.

मूळ निबंध २००१ चा, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधला. प्रश्न असा की चांगल्या संस्थांमुळे देश श्रीमंत होतात, की श्रीमंत झालेल्यांनाच चांगल्या संस्था परवडतात? या तिघांनी एकेकाळच्या ६४ वसाहती घेतल्या. जिथे हिवताप आणि पीतज्वराने युरोपीय माणसं पटापट मरत होती, तिथे ती स्थायिक झाली नाहीत. माल ओरबाडून नेण्यापुरती यंत्रणा उभारून मोकळी झाली. जिथे तगली, तिथे त्यांनी स्वतःसाठी मालमत्तेचे हक्क आणि सत्तेला लगाम घालणारे कायदे आणले. त्या यंत्रणा पुढे स्वातंत्र्यानंतरही टिकल्या. म्हणून तेव्हाच्या मृत्युदराच्या आधारे आजच्या संस्थांचा परिणाम वेगळा काढता येतो, असा त्यांचा युक्तिवाद.

मग २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात डेव्हिड अल्बुई यांनी आक्षेप घेतला, तो वाचा. त्यांनी थेट मृत्युदराचे आकडेच तपासले. ६४ पैकी ३६ देशांचे मृत्युदर त्या देशांतले नव्हतेच, दुसऱ्या देशांवरून घेऊन लावलेले होते. शिवाय काही आकडे छावणीतल्या सैनिकांचे, तर काही मोहिमेवरच्या सैनिकांचे. मोहिमेवर माणसं जास्त मरणार हे उघड आहे. हे सगळं वेगळं काढलं की मूळ संबंध बराच ढिला पडतो. मूळ लेखकांचं उत्तरही त्याच वर्षी तिथेच छापून आलं.

माझं मत विचाराल तर अल्बुईंचा आक्षेप त्या आकड्यांपुरता पक्का आहे. त्यापेक्षा मला जास्त खोल वाटतो तो ग्लेझर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा आक्षेप: स्थायिक झालेली माणसं संस्थांबरोबर शिक्षण आणि कसबही घेऊन आली होती, मग भरभराटीचं श्रेय नक्की कशाला द्यायचं? मृत्युदर कितीही अचूक मिळाला तरी याचं उत्तर त्यातून निघत नाही.

कोरांटी

दीपमाळ यांच्याशी अर्धी सहमत. वाद वाचावा, पण सुरुवात तिथून नको. ६४ देश एका आलेखात आले की प्रत्येकाचा इतिहास पुसला जातो, आणि नव्या वाचकाला पडताळून पाहायला काही हातात राहत नाही. एकाच देशातल्या दोन भागांची तुलना करणारे निबंध घ्या. मी दोन सुचवते, तेही लागोपाठ वाचायला.

पहिला मेलिसा डेल यांचा, 'इकॉनोमेट्रिका', २०१०. विषय पेरूमधली 'मिता' नावाची वेठबिगारी. स्पॅनिश राजवटीत १५७३ ते १८१२ या काळात एका ठरावीक हद्दीतल्या गावांना आपल्यातले एक सप्तमांश प्रौढ पुरुष पोतोसीच्या चांदीच्या आणि वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणींत पाठवावे लागत. डेल यांनी त्या हद्दीच्या अगदी लगतची, आतली आणि बाहेरची, गावं ताडून पाहिली. वेठ बंद होऊन दोन शतकं उलटल्यावरही आतल्या घरांचा खर्च सुमारे २५ टक्क्यांनी कमी, आणि वाढ खुंटलेली मुलं जास्त. कारण मोठं विलक्षण आहे. मजुरांसाठी स्पर्धा नको म्हणून सरकारने हद्दीच्या आत मोठे जमीनदार वाढू दिले नाहीत. हद्दीबाहेर ते वाढले, आणि त्यांनी वजन वापरून आपला माल बाजारात न्यायला रस्ते करून घेतले. आतली गावं रस्त्यांवाचून राहिली, आणि तिथले शेतकरी आजही बरंचसं घरापुरतंच पिकवतात. म्हणजे इथे बडे जमीनदार असणं फायद्याचं ठरलं.

दुसरा अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा, २००५ चा. इंग्रजांनी कुठे सारावसुलीचा हक्क जमीनदारांना दिला, कुठे थेट रयतेशी व्यवहार ठेवला. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी कायद्याने गेली, तरी जमीनदारी जिल्हे शेतीतल्या गुंतवणुकीत आणि उत्पादकतेत मागे पडले, शाळा आणि आरोग्यसेवेतही. त्यातही ही दरी साधारण १९६५ नंतर, हरितक्रांतीच्या काळात रुंदावते. सरकारी पैसा यायला लागल्यावर तो आपल्याकडे वळवण्यासाठी एकत्र येऊन मागणी रेटावी लागते, आणि जिथे जमीनदार आणि कुळं एकमेकांच्या उरावर बसलेली होती तिथे ते जमलं नाही, असं लेखकांचं म्हणणं.

एकीकडे जमीनदार तारक, दुसरीकडे मारक. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण पेरूत जमीनदाराची तुलना अशा शेतकऱ्याशी आहे ज्याच्याकडे जमिनीचा खात्रीचा हक्कच नव्हता आणि ज्याला राज्य वेठीला धरत होतं. भारतात तुलना आहे ती स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या रयतेशी. कुठलाही निबंध वाचताना समासात पहिला प्रश्न हाच लिहा: कशाच्या तुलनेत? या विषयातले निम्मे गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात असं मला मनापासून वाटतं.

पानवाचक

दोघांचेही खूप आभार. सारांश चाळताना 'इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल' या शब्दापाशी अडले. मृत्युदराचा वापर म्हणजे तेच ना? कुणी जरा उलगडून सांगेल?

कोरांटी

हो, तेच. यासाठी लक्ष्मी अय्यर यांचाच २०१० चा निबंध घ्या, कारण त्यातला इतिहास आपण शाळेतच शिकलोय.

प्रश्न: इंग्रजांचा थेट अंमल असलेले भाग आज पुढे आहेत की संस्थानी भाग? नुसती तुलना केली तर शेतीत थेट अंमलाचे भाग पुढे दिसतात. पण इंग्रजांनी सुपीक मुलूखच आधी गिळला असेल तर? मग तो फरक मातीचा झाला, राज्यकारभाराचा नव्हे. यातून वाट काढायला अय्यर यांनी डलहौसीचं धोरण वापरलं. १८४८ ते १८५६ या काळात ज्या संस्थानिकाला औरस वारस नव्हता त्याचा दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं जाई. सातारा १८४८ मध्ये असंच गेलं. राजा औरस वारस मागे न ठेवता नेमका त्याच आठ वर्षांत वारला, याचा जमिनीच्या कसाशी काही संबंध नाही. त्यामुळे कोण खालसा झालं हे अशा ठिकाणी जवळजवळ योगायोगाने ठरलं, आणि तुलना न्याय्य होते. हा योगायोग म्हणजे तुमचा इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल. तो लावल्यावर शेतीतली आघाडी नाहीशी होते, आणि शाळा, आरोग्यकेंद्रं, रस्ते यांत थेट अंमलाचे भाग मागे निघतात.

आता मृत्युदराकडे पुन्हा बघा. ज्या रोगराईने तेव्हा सैनिक मेले, ती आज तिथल्या लोकांना थेटही गरीब ठेवत असेल, तर मृत्युदर संस्थांच्या वाटेनेच परिणाम करतो असं म्हणता येईल का? मूळ लेखकांनी याला उत्तर दिलंय: स्थानिक प्रौढांमध्ये या रोगांविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती होती. ते पटतं का, हे तुम्ही वाचून ठरवा.

ओढाकाठ

इतका वेळ सगळं आकड्यांचंच चाललंय. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना वगळून हा धागा पुरा होऊ नये. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, हा मान मिळवणारी पहिली स्त्री, आणि शिक्षणाने राज्यशास्त्रज्ञ. सामायिक कुरणं, जंगलं, मासेमारी, पाणी लोक सरकारी दंडुका किंवा खाजगी मालकी यांशिवायही कसे सांभाळतात, हे त्यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जमवून दाखवलं.

नेपाळमधल्या पाटांवरचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम जरूर शोधा. शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले पाट, तेही दगडमातीच्या कच्च्या बांधाचे, टोकाच्या शेतांपर्यंत पाणी पोचवण्यात सरकारी पक्क्या कालव्यांपेक्षा सरस निघाले. कच्चा बांध दर वर्षी दुरुस्त करावा लागतो, त्याला माणसं लागतात, म्हणून वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला दुखावू शकत नाही. पक्का बंधारा बांधून दिला की खालच्याची गरज संपते, आणि त्याचं पाणीही. अभियंत्याने फक्त बांध पाहिला. बांधाभोवतीचा करार त्याला दिसलाच नाही. कुठलीही योजना आखणाऱ्याने हे वाचावं.

दीपमाळ

ऑस्ट्रॉम यांच्यासाठी ओढाकाठ यांना अनुमोदन. आणि कोरांटी, तुमचा क्रम माझ्यापेक्षा बरा आहे, आधी डेलच वाचावा.

पानवाचक

ठरलं: डेल, मग बॅनर्जी–अय्यर, मग अय्यर यांचा २०१० चा, आणि त्यानंतर मृत्युदराचा वाद. ऑस्ट्रॉम मधे मधे. हे निबंध विकत घ्यावे लागतात का?

कोरांटी

बहुतेक लेखक आपल्या विद्यापीठाच्या पानावर प्रत मोफत ठेवतात, ती आधी शोधा. डेल यांच्या निबंधात हद्दीचा नकाशा सुरुवातीलाच आहे. तो समोर उघडा ठेवून वाचा, तक्ते आपोआप कळायला लागतील. अडलात तर तक्त्याचा क्रमांक इथे लिहा, आपण सगळे मिळून बघू.