मदत हवी आहे: परिषदेतली ४० जणांची प्रात्यक्षिक लॅब, सभागृहाच्या वायफायवर विसंबून न राहता

नमस्कार मंडळी,

एका तंत्रज्ञान परिषदेत तीन तासांची प्रात्यक्षिक लॅब उभी करायची जबाबदारी यंदाही माझ्याकडे आली आहे. विषय लिनक्स आणि कंटेनर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट वेगळा चालवायची पद्धत). माणसं ४०, त्यातल्या बऱ्याच जणांनी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, जेमतेम उघडून पाहिलेलं. हाताशी सहा आठवडे आहेत, म्हणून आत्ताच विचारतेय.

गेल्या खेपेला काय झालं ते आधी सांगते, म्हणजे घोडं कुठे अडतंय ते लक्षात येईल. "सॉफ्टवेअर घरूनच टाकून या" अशी मेल सगळ्यांना केली होती. निम्म्यांनी टाकलं नव्हतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. मेलमधल्या आठ पायऱ्यांपैकी तिसरीलाच नवखा माणूस अडकतो. ज्यांनी टाकलं होतं त्यांनाही सरावाची इमेज (कंटेनर ज्यावरून चालतो ती तयार फाइल) उतरवायची होतीच. झालं, ४० जण एकदम वायफायवर तुटून पडले. घरी येऊन हिशोब मांडला तर अडीच जीबी गुणिले ४० म्हणजे १०० जीबी. १०० एमबीपीएसची अख्खी लाइन आमच्याच वाट्याला आली असती तरी सव्वादोन तास लागले असते. हा हिशोब मी आधी करायला हवा होता.

मागच्या रांगेत एक मुलगी जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप घेऊन बसली होती. तासाभराने तिच्याकडे गेले तर डाउनलोडची पट्टी ७ टक्क्यांवर. ती वहीत पडद्यावरच्या कमांड उतरवून घेत होती. म्हणाली, "घरी जाऊन करून बघते, मॅडम." हाताने काम करायला आलेल्या मुलीला मी वही भरून परत पाठवलं, ते अजून मनातून जात नाही.

यंदा तीन वाटा डोळ्यांसमोर आहेत. स्वतःचे लॅपटॉप आणायला सांगायचं आणि इमेज पेन ड्राइव्हवर द्यायची. पण काहींच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद असतं, आणि व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) द्यावं तर कुणाच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, त्याची सोय बंद निघते. दुसरी वाट म्हणजे एकसारखी मशीन भाड्याने आणून क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने एकच डिस्क सगळीकडे उतरवायची. लॅब सुरळीत होईल, पण शिकलेलं घरी नेता येणार नाही, कारण स्वतःच्या मशीनवर काहीच बसलेलं नसेल. तिसरी, सगळं सर्व्हरवर आणि समोर फक्त ब्राउझर. माझा कल पहिलीकडे आहे, धीर तिसरीने येतो. अशी लॅब घेतलेल्या कुणी अनुभव सांगेल का? आणि नेटवर्क, वीज, मदतनीस यांत ऐन वेळी दगा देणारं काय असतं?

*

प्रतिसाद १

ताई, लाइन हळू होती ही चूक नव्हे. लॅबच्या मध्यावर इंटरनेटची गरज पडली, चूक तिथे झाली. खोलीतच एक सर्व्हर ठेवा. इमेज, पॅकेज, सरावाच्या फाइल, टिपणं, सगळं त्यावर. पॅकेजसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी वापरा, एकाने उतरवलेलं पॅकेज बाकीच्यांना तिथूनच मिळतं. तुमचे ते १०० जीबी गिगाबिट वायरवरून कागदावर १४ मिनिटांत जातात, प्रत्यक्षात दुप्पट धरा.

आणखी एक गोष्ट घरी तपासताना कधीच दिसत नाही. खोलीतले सगळे बहुधा एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात. डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि डॉकर हब म्हणजे त्याच्या इमेज जिथून उतरवतात ती साइट; लॉगिन न केलेल्यांची तिथली मर्यादा आयपीवर मोजली जाते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायचं दार) सुद्धा लॉगिनशिवाय तासाला ६० विनंत्याच देतो, त्याही आयपीमागे. एकटा माणूस तपासतो तेव्हा सगळं छान चालतं. ४० जण बसले की काही मिनिटांत लाल अक्षरं.

प्रतिसाद २

नेटवर्क आणि विजेचं सांगतो, त्यातच हात पोळलेत.

सर्वात आधी सभागृहाच्या नेटवर्कवाल्यांना विचारा की क्लायंट आयसोलेशन चालू आहे का. पाहुण्यांच्या वायफायवर ते बहुतेक वेळा चालू ठेवतात. एक लॅपटॉप दुसऱ्याशी बोलू शकत नाही. मग तुमचा सर्व्हर त्याच वायफायवर असला तर टेबलावर दिसेल, पण पोचता कुणालाच येणार नाही. म्हणून स्वतःचा राउटर आणि स्वतःचे ॲक्सेस पॉइंट न्या, पण त्यांच्या परवानगीने, नाहीतर दोघांचे चॅनल एकमेकांवर चढतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. लॅब ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि जमेल तितक्यांना वायर द्या. पातळ लॅपटॉपना वायरची खाच नसते, त्यामुळे यूएसबीचे अडॅप्टर मोजून न्या.

राउटरवरून आयपी पत्ते वाटताना माणसं मोजू नका, उपकरणं मोजा. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणजे ४० जणांचे ८० पत्ते धरा.

वीज: लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा धरला तर ४० चे २६०० वॉट होतात. वरून स्विच, सर्व्हर, प्रोजेक्टर. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत जाऊ नका. खोलीतले कुठले सॉकेट कुठल्या एमसीबीवर आहेत ते आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून कागदावर लिहून घ्या आणि टेबलं त्याप्रमाणे मांडा. वाटेतली प्रत्येक वायर टेपने जमिनीला चिकटवा. कुणी अडखळलं तर माणूसही पडतो आणि स्विचही.

प्रतिसाद ३

यंत्रांचं वर आलंय, मी माणसांचं सांगते. सॉफ्टवेअर कार्पेंट्री १९९८ पासून संशोधकांना प्रोग्रामिंग शिकवतेय. त्यांच्या कार्यशाळांमधली एक पद्धत मी नेहमी वापरते. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या द्यायच्या. काम झालं की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर, अडलं की दुसरा. बुजरा माणूस हात वर करत नाही, पण चिठ्ठी लावतो. शिकवणाऱ्याला समोरून एका नजरेत कळतं की पुढे जायचं की थांबायचं. आठ जणांमागे एक मदतनीस हवाच, आणि त्याने शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, सांगून करून घ्यायचं.

पडद्यावरची अक्षरं शेवटच्या खुर्चीत बसून वाचून बघा. आणि लॅबच्या आधी एक तास फक्त "बसवून घ्या" असा जाहीर करा, त्यात शिकवणं नाही. आठ पायऱ्यांची मेल घरी एकट्याने वाचण्यापेक्षा तिथे शेजारी माणूस असलेलं बरं.

*

धागाकर्तीकडून भर

तिघांचेही मनापासून आभार. रविवारी सहा लॅपटॉप, एक स्विच आणि जुना डेस्कटॉप घेऊन रंगीत तालीम केली. त्या मुलीलाही बोलावलं होतं. तिच्या ४ जीबीच्या मशीनवर जे चालेल तेवढंच लॅबमध्ये ठेवायचं असं ठरवलंय.

आयसोलेशनचं अगदी खरं निघालं. सभागृहाच्या वायफायवरून सर्व्हर कुणालाच दिसेना, आपल्या स्विचला जोडताच सगळ्यांना दिसला. आमचा स्वतःचा राउटर लावायला त्यांनी परवानगी दिली आहे.

दुसरा अडथळा मला माहीतच नव्हता. खोलीतल्या सर्व्हरवर मी डॉकर रजिस्ट्री (इमेज वाटायचं स्वतःचं कोठार) चढवली, पण सुरक्षेचं सर्टिफिकेट नसलेल्या रजिस्ट्रीला डॉकर नकारच देतो. प्रत्येक लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये तिचा पत्ता मुद्दाम भरावा लागतो. नवख्या ४० जणांकडून ते करून घेण्यात अर्धा तास गेला असता. शेवटी इमेज सेव्ह करून तिची टार फाइल (सगळं एकत्र बांधलेली एकच फाइल) साध्या वेब सर्व्हरवर ठेवली. ब्राउझरने उतरवायची, एका कमांडने लोड करायची. सहाही जणांचं काम दहा मिनिटांत झालं.

एकाकडे एम-१ चा मॅक होता, त्याचा प्रोसेसर इंटेलचा नसून एआरएम प्रकारचा, म्हणून त्याच्यासाठी वेगळी फाइल करावी लागली. आता दोन फाइल दोन नावांनी ठेवल्यात आणि दारातच प्रत्येकाच्या मशीनप्रमाणे चिठ्ठी देणार आहोत. पेन ड्राइव्हही दहा ठेवतेय, तेही एक्सफॅटने फॉरमॅट करून, कारण इंटेलवाली, एआरएमवाली आणि इन्स्टॉलर एकत्र बांधलेली फाइल ४ जीबीच्या वर गेली आणि फॅट-३२ तिला घेईना.

ज्यांचं काहीच बसणार नाही त्यांच्यासाठी त्याच डेस्कटॉपवर ज्युपिटरहबची, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांना ब्राउझरमधून काम करू देणारी, व्यवस्था राखीव ठेवायची म्हणते. टर्मिनल त्यातही मिळतं, निदान लिनक्सचा भाग तरी हाताने करता येईल. डेस्कटॉप १६ जीबीचा आहे. एका माणसाला १ जीबीची मर्यादा घालून आठ-दहा जण त्यावर नीट काम करू शकतील का? शेजारी फाइलवाटपही चालू असेल. कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर कृपया सांगा, पुढची तालीम येत्या रविवारीच आहे.