गाडीला कुठला रंग घ्यावा? (आणि बॉनेटवर कोणी लिहिलं?)

देशपांडे बी-४०४ (सकाळी ७:०८)
सुप्रभात. पार्किंग १७ मधल्या माझ्या गाडीच्या बॉनेटवर काल रात्री कोणीतरी धुळीत बोटाने "मला धूवा" असं लिहून ठेवलंय. फोटो टाकतोय. ज्याने कोणी हा विनोद केलाय त्याने समोर येऊन सांगावं. पाच महिन्यांची गाडी आहे. धूळ जाईल, ओरखडे जाणार नाहीत.

पाटील काका ए-२०१
काळी घेतलीत तेव्हाच बोललो होतो. पांढरा घ्या.

रोहन बी-६०२
😂 सॉरी काका, पण अक्षर छान आहे

जोशी सर बी-१०१
अक्षर बरं आहे. शुद्धलेखन नाही. "धुवा"मधला धु ऱ्हस्व.

देशपांडे बी-४०४
सर, माझ्या बॉनेटवर ओरखडा पडलाय आणि तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघताय?

जोशी सर बी-१०१
दोन्ही बघतोय.

सेक्रेटरी शिंदे ए-५०३
सर्व सभासदांना पुन्हा एकदा सूचना: पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धूण्यास सक्त मनाई आहे. टँकरचे पाणी विकत येते. सहकार्य करावे 🙏

देशपांडे बी-४०४
शिंदेसाहेब, मी गाडी धुतली नाही म्हणून तर त्यावर कोणाला लिहिता आलं. आता न धुतल्याचीही नोटीस काढणार का?

सुलभाकाकू ए-१०२
सीसीटीव्हीत दिसेल ना.

देशपांडे बी-४०४
१७ वर कॅमेरा नाही काकू. का नाही ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या सभेत कोणाला खर्च नको होता तेही.

पाटील काका ए-२०१
खर्च नको म्हटलं नव्हतं. तीन कोटेशन मागवा म्हटलं होतं. इतिवृत्त काढून वाचा.

मनीषा सी-१०२ (सकाळी ७:४१)
विषय निघालाच आहे तर विचारते. अक्षय्य तृतीयेला गाडी घ्यायचं चाललंय आणि शोरूमला आज संध्याकाळपर्यंत रंग कळवायचाय. आमचे हे काळ्यावर अडून बसलेत. आमचं पार्किंग २२, म्हणजे उघडं, जांभळाखालचं. शेजारच्या टॉवरचं काम आणखी किती वर्षं चालणार देव जाणे. निगा ठेवायला सोपा रंग कुठला? माझ्याकडे रोज पुसायला वेळ नाही आणि ह्यांना तर कपाटातलं फडकंही सापडत नाही.

पाटील काका ए-२०१
पांढरा घ्या.

रोहन बी-६०२
ताई, काळा नकोच. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये दोन सारख्याच होंडा उन्हात ठेवल्या होत्या, एक काळी आणि एक सिल्व्हर. काळीचं छप्पर २५ अंशांपर्यंत जास्त तापलं. आतली हवासुद्धा ५-६ अंशांनी गरम. आणि तुमचं पार्किंग उघडं.

देशपांडे बी-४०४
त्या प्रयोगात जांभळाचं झाड नव्हतं. काळ्या रंगाची शान वेगळी असते. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळीच मिळायची. लोक वेडे होते का?

रोहन बी-६०२
काका, तेव्हा दुसरा रंग मिळतच नव्हता, म्हणून 😄

इरफानभाई सी-३०१ (सकाळी ८:१५)
गॅरेज उघडलं, आता निवांत लिहितो. मनीषाताई, वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, एक गोष्ट सांगतो. ओरखडे सगळ्या रंगांवर सारखेच पडतात. काळ्यावर दिसतात, सिल्व्हरवर लपतात, एवढाच फरक. वरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केसही बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा जाड. त्यावर कोरडी धूळ फडक्याने घासली की झालं.

देशपांडे बी-४०४
बरोबर. काल दुपारी दारावर मोबाइलचा टॉर्च धरून बघितलं. गोल गोल जाळं, कोळ्याने विणल्यासारखं. उजेड हलवला की जाळंही हलतं. पाच महिन्यांत!

इरफानभाई सी-३०१
ते आपल्या सकाळच्या पोराच्या फडक्याचं काम. मी साडेपाचला नमाजाला निघतो तेव्हा बघतो. एक बादली, अकरा गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत पाण्याचा चहा होतो, आठवीपर्यंत कडक चहा. आणि ज्या फडक्याने आधी चाकं पुसली त्यानेच मग काच आणि बॉनेट. ते लाल फडकं पिळताना कधी हात लावून बघा, वाळू लागते.

सुलभाकाकू ए-१०२
त्या मुलाला काही बोलू नका हां. महिन्याला साडेचारशे रुपयांत अजून काय करणार तो? मागे गावाला गेला होता तेव्हा सगळ्यांच्या गाड्यांवर शेती करता आली असती.

देशपांडे बी-४०४
मुलाबद्दल नाही काकू, पद्धतीबद्दल बोलतोय. आणि तुम्ही कबुतरांना ज्वारी घालता तेही बंद होईल का? १७ नंबर तुमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली येतो.

सुलभाकाकू ए-१०२
मुक्या जिवांना दाणे घालण्याचा आणि तुमच्या गाडीचा काय संबंध?

इरफानभाई सी-३०१
काकू, रागवू नका, पण संबंध आहे. विष्ठेत यूरिक आम्ल असतं. एप्रिलच्या उन्हात पत्रा तापला की ते क्लिअर कोट खातं. रंग कुठलाही असो, पांढऱ्यावर पिवळट डाग, काळ्यावर फिकट खड्डा. दिसलं की ओला कपडा दहा मिनिटं वर ठेवायचा आणि मग उचलून घ्यायचं. घासायचं नाही.

सुलभाकाकू ए-१०२
मी आजपासून ग्रुपवर काही बोलणारच नाही.

सावंत सी-२०४
पांढऱ्याबद्दल आमचाही अनुभव घ्या. आमची पांढरी. गणपतीला गावी जातो. कोकणातली तांबडी माती चाकांवरच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या काठाला बसली की दिवाळीपर्यंत निघत नाही. पहिल्या वर्षी मिसेस म्हणाली, गाडीला मेंदी काढलीय कोणी?

पाटील काका ए-२०१
मनीषाताई कोकणात जात नाहीत. नगरला जातात. पांढरा घ्या.

मनीषा सी-१०२
काका, तुम्हाला कसं माहीत 😅

पाटील काका ए-२०१
गेटच्या रजिस्टरमध्ये असतं सगळं.

रोहन बी-६०२
🙄

सेक्रेटरी शिंदे ए-५०३
पुन्हा एकदा: पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धूण्यास सक्त मनाई आहे. बोअरच्या पाण्यानेही धूवू नये. बोअर खाली गेली आहे 🙏

इरफानभाई सी-३०१
शिंदेसाहेबांचं यात खरंच ऐका. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की उन्हात वाळलं की पांढरे ठिपके पडतात, क्षारांचे. गडद गाडीवर तर देवीचे व्रण वाटतात. पाइपची गरजच नाही. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग वरून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. सावलीत धुवायची आणि लगेच कोरडी करायची. आठवड्यातून एकदा असं केलंत तर रोजच्या पुसण्यापेक्षा रंग जास्त टिकेल.

मनीषा सी-१०२
हे सगळं खरं इरफानभाई, पण रंग? 🙈 चार वाजता शोरूमचा फोन येणार आहे.

इरफानभाई सी-३०१
माझ्या मते सिल्व्हर किंवा हलका राखाडी. धूळ त्याच रंगाची, म्हणून दिसत नाही. आठ दिवस हात लावला नाहीत तरी कोणी बोटाने लिहिणार नाही. तोटा एकच. धातूचा चुरा असलेला रंग ठोकल्यावर जुळवणं अवघड जातं. एका दाराला फवारला तर शेजारच्या दारावर थोडा पसरवावा लागतो, नाहीतर उन्हात दोन दारं दोन गाड्यांची वाटतात. खर्च वाढतो.

इरफानभाई सी-३०१
त्यानंतर पांढरा. पण पाटीलकाका, पांढरा म्हणजे कुठला? साधा सॉलिड पांढरा असेल तर सगळ्यात स्वस्त आणि जुळवायला सगळ्यात सोपा. मोतिया पांढरा, ज्याला पर्ल म्हणतात, तो तीन थरांचा. शोरूममध्ये जास्तीचे पैसे घेतात आणि बंपर घासला की आमच्याकडे परत घेतात. निगेसाठी घेताय तर पर्ल घेऊ नका.

पाटील काका ए-२०१
साधा पांढरा घ्या.

इरफानभाई सी-३०१
आणखी एक. शेजारी टॉवरवर सळया कापतात तेव्हा लोखंडाचा कीस उडतो. तो पांढऱ्यावर बसून गंजतो आणि तांबूस ठिपके दिसायला लागतात. लोकांना वाटतं पत्रा गंजला. तसं नसतं, वरचेवर असतात. क्ले, म्हणजे गाडी साफ करायची मऊ मातीसारखी वडी, घासली की निघतात. घाबरून नवा रंग मारून घेऊ नका.

सावंत सी-२०४
माझ्या डिकीवर आहेत हे! मी वर्षभर कंपनीला शिव्या देतोय.

रोहन बी-६०२
सिरॅमिक कोटिंग करून टाका ताई. सगळे प्रश्न सुटतात.

इरफानभाई सी-३०१
सगळे नाही. पाणी घसरतं, धुणं सोपं होतं. फडक्यातली वाळू त्याच्यावरही ओरखडते. आणि जांभळाचं फळ पडून उन्हात वाळलं तर कोटिंगही हात टेकतं. ताई, जूनपर्यंत कव्हर घाला. फक्त धुळीच्या गाडीवर कव्हर ओढू नका, तो सँडपेपर होतो.

मनीषा सी-१०२ (दुपारी १:२०)
ह्यांना सगळं वाचून दाखवलं. आता म्हणतात काळा राहू दे, मिलिटरी हिरवा घेऊ.

सुभेदार साहेब ए-३०१
ऑलिव्ह ग्रीन फक्त सेनेच्या गाड्यांना. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. जय हिंद.

मनीषा सी-१०२
साहेब, तुमचे उपकार झाले 🙏 आता निळ्यावर आलेत.

देशपांडे बी-४०४
माझ्या मूळ प्रश्नाचं काय झालं? कोणी लिहिलं?

सुलभाकाकू ए-१०२
मी बोलणार नव्हते, पण एकच सांगते. रंग पसंत करताना शेजाऱ्यांना विचारू नये. माझ्या जावेने विचारलं होतं, ती अजून बोलत नाही त्यांच्याशी.

मनीषा सी-१०२ (संध्याकाळी ४:३८)
झालं एकदाचं. राखाडीला नऊ आठवडे वेटिंग, सिल्व्हर या मॉडेलमध्ये येतच नाही. साधा पांढरा ठरवला, पर्ल नाही. अठरा हजार वाचले. त्यात दोन बादल्या आणि कव्हर. सगळ्यांचे आभार, इरफानभाईंचे विशेष.

सावंत सी-२०४
अभिनंदन! पेढे?

पाटील काका ए-२०१
आत्ता मेसेज बघतोय, झोपलो होतो. माझं ऐकाल तर पांढरा घ्या.

रोहन बी-६०२
😂😂😂

सेक्रेटरी शिंदे ए-५०३
अभिनंदन ताई. नवीन वाहनाची नोंद ऑफिसमध्ये करावी, आरसीची झेरॉक्स जोडावी. तसेच नवीन गाडीदेखील पार्किंगमध्ये पाइपने धूवू नये 🙏

जोशी सर बी-१०१
शिंदेसाहेब, एक विचारू का? सकाळपासून तुमच्या तिन्ही सूचना वाचतोय. "धूण्यास", "धूवू नये", परत "धूवू नये". दरवेळी दीर्घ. हा दीर्घ धू मी आज आणखी एका ठिकाणी पाहिला आहे.

देशपांडे बी-४०४
एक मिनिट.

सेक्रेटरी शिंदे ए-५०३
_हा मेसेज हटवला आहे_

रोहन बी-६०२
मी वाचला 👀 "नातू आला आहे सुट्टीला, विचारतो" असं होतं

सेक्रेटरी शिंदे ए-५०३
_हा मेसेज हटवला आहे_

देशपांडे बी-४०४
शिंदेसाहेब, खाली या. मी १७ पाशी उभा आहे. टॉर्च घेऊन.

_अॅडमिनने सेटिंग बदलले आहे. आता या ग्रुपवर फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात._