रोरी मॅकिलरॉय: रागाबद्दल तक्रार नाही, मौनाबद्दल आहे

फेअरवे_पुणे

गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयचा विषय निघाला की आपली गाडी दर वेळी त्याच्या रागावर येऊन अडते. २०१५ मध्ये डोरालला आठव्या होलवर त्याने थ्री आयर्न हा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, तळ्यात भिरकावला. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये, ओकमाँटला, दुसऱ्या दिवशी बाराव्यावर क्लब फेकला आणि सतराव्याच्या टीवरचा (पहिल्या फटक्याच्या जागेवरचा) मार्कर फोडला. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. तो चिडतो ते स्वतःवर, आणि पुढच्या टीपर्यंत बहुतेक वेळा निवळतो. ओकमाँटला त्याच फेरीत त्याने कट (शेवटच्या दोन फेऱ्यांची पात्रता) गाठला आणि रविवारी ६७ फटक्यांची फेरी खेळून संयुक्त १९ वा आला.

माझी तक्रार त्याच्या गप्प बसण्याबद्दल आहे. सौदी पैशावर लिव्ह गोल्फ ही नवी लीग सुरू झाली तेव्हा पीजीए टूर या जुन्या अमेरिकी मालिकेची बाजू मांडायला हाच पुढे होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने सौदी लीग संपल्यातच जमा असल्याचं सांगून टाकलं. त्याच जूनमध्ये कॅनेडियन ओपन जिंकल्या जिंकल्या मुलाखतीत म्हणाला की हा माझा टूरवरचा एकविसावा विजय, कुणापेक्षा तरी एक जास्त. लिव्हचा तेव्हाचा प्रमुख ग्रेग नॉर्मन याचे वीस आहेत हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. माईक त्याला कुणी हातात कोंबला नव्हता, त्याने आपणहून घेतला होता.

मग मे २०२५. क्वेल हॉलोला पीजीए चॅम्पियनशिप. त्याचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) तपासणीत बाद झाल्याची बातमी फुटली आणि त्या स्पर्धेत हा एकाही फेरीनंतर पत्रकारांसमोर आलाच नाही. आदल्या वर्षी पाइनहर्स्टला यूएस ओपन हरल्यावरही न बोलताच गाडीत बसून निघून गेला होता. ओकमाँटला विचारलं तर उत्तर काय, तर मला हवं ते करायचा हक्क मी कमावलाय. हक्क आहेच. पण खेळाच्या वतीने सगळ्यांना सुनावणाऱ्याने स्वतःची पाळी आली की दार लावून घ्यायचं, हे मला पटत नाही.

बंकरवाला

पाइनहर्स्टबद्दल सहमत. पण क्वेल हॉलोवर तुम्ही त्याच्यावर अन्याय करताय. तपासणी कशी होते ते आधी पाहा.

मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात साधारण एक तृतीयांश खेळाडूंचे ड्रायव्हर नमुन्यादाखल घेतात. लंबकाला लावलेला छोटा पोलादी गोळा क्लबच्या चेहऱ्यावर (चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूवर) सोडतात आणि तो किती वेळ चिकटून राहतो ते मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट, म्हणजे २५७ च्या पुढे गेलं की बाद. आता हे आकडे दुकानातून आणलेल्या दिवशी जसे असतात तसे राहत नाहीत. टूरवरचा जोरकस खेळाडू तोच चेहरा रोज शेकडो वेळा ठोकतो, चेहरा हळूहळू लवचीक होत जातो आणि हा वेळ वाढतो. एके दिवशी तो रेषा ओलांडतो आणि खेळाडूला त्याचा पत्ताही नसतो. यात लबाडी नाही, झीज आहे. म्हणूनच निकाल गुप्त ठेवायची पद्धत आहे. क्लब काढून घेतात, दुसरा वापरायचा, विषय संपला.

त्या आठवड्यात स्कॉटी शेफलरचाही ड्रायव्हर बाद झाला होता. त्याची बातमी फुटली नाही, रोरीची फुटली. रोरीला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. तो बोलायला उभा राहिला असता तर पहिला प्रश्न असता, "आणखी कुणाचा?" दुसऱ्याचं नाव आपल्या तोंडून जाऊ नये म्हणून गप्प बसणं हा माझ्या हिशेबी दोष नाही.

आणि नियमाचं म्हणाल, तर फेरीनंतर बोलण्याची सक्ती टेनिसमध्ये आहे. २०२१ च्या फ्रेंच ओपनला नाओमी ओसाकाला त्यावरून १५,००० डॉलर दंड झाला. गोल्फमध्ये तशी सक्ती नाही.

फेअरवे_पुणे

@बंकरवाला, तपासणीचं अगदी बरोबर, आणि लबाडीचा आरोप मी केलेला नाही. पण असा प्रसंग आलेला तो पहिला नाही. २०१९ मध्ये पोर्टरशच्या ब्रिटिश ओपनला झँडर शॉफलीचा ड्रायव्हर बाद झाला, बातमी फुटली. त्याने उघड सांगितलं की माझा क्लब बाद झाला, मी दुसरा वापरतोय आणि ही गोष्ट बाहेर जाणं चूक आहे. शेफलरचंच घ्या. पीजीए जिंकल्यावर त्याने सरळ कबूल केलं आणि पुढच्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

शेफलरचं नाव न घेता बोलता आलं असतं. तीन वाक्यं पुरेशी होती: झीज झाली, क्लब बदलला, नाव फुटायला नको होतं. २०२५ च्या कॅनेडियन ओपनच्या वेळी, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांनी, त्याने जवळजवळ हेच सांगितलं. तोवर गावभर चर्चा झाली होती. गप्प बसल्याने त्याचंच नुकसान झालं.

पटर_नाशिक

तुम्ही दोघं माईकवर भांडताय, मला कप दिसतोय. रोरीचा स्वभाव नडतो हे वाक्य दर मेजरनंतर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी प्रत्येकीनंतर) ऐकू येतं, म्हणून दोन रविवार शेजारी ठेवून पाहू.

२०२२, सेंट अँड्र्यूजची ब्रिटिश ओपन. व्हिक्टर हॉव्हलंडबरोबर आघाडीवर, कॅमरन स्मिथ चार फटके मागे. त्या दिवशी रोरी इतका शांत होता की तितका शांत रोरी क्वचित दिसतो. अठराच्या अठरा ग्रीन्स (कपाभोवतीची हिरवळ) ठरल्या फटक्यांत गाठल्या, पट (ग्रीनवरचे हलके फटके) झाले ३६, स्कोअर ७०. स्मिथने दहाव्यापासून सलग पाच बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) काढून ६४ मारले. सगळं "परिपक्व" खेळून माणूस हरला. लांबचा पट कपाजवळ (चेंडू घालायच्या भोकाजवळ) नेऊन ठेवायचा आणि पार (ठरलेले फटके) घ्यायचा, हे तो दिवसभर करत राहिला.

आता एप्रिल २०२५, ऑगस्टाची मास्टर्स. रविवारी पहिल्याच होलवर डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त). तेराव्यावर आघाडी हातात असताना, शंभर यार्डांच्या आतून वेज (उंच, आखूड फटका) थेट ओढ्यात, पुन्हा डबल. चौदाव्यावर बोगी (एक फटका जास्त). हा शांत माणसाचा स्कोअरकार्ड नाही. त्याच माणसाने पंधराव्यावर दोनशेहून जास्त यार्डांवरून झाडांना वळसा घालून सेव्हन आयर्न सहा फुटांवर आणून ठेवला आणि सतराव्यावर बर्डी काढली. आठवडाभरात चार डबल बोगी करून मास्टर्स जिंकणारा तो पहिलाच.

स्वभावाने हरतो म्हणायचं, तर सेंट अँड्र्यूज कुठे बसवणार?

थ्री_वुड

@पटर_नाशिक, सेंट अँड्र्यूजचं उदाहरण चांगलं, पण पाइनहर्स्ट २०२४ तुम्ही सोयीस्करपणे सोडलंत. तिथे प्रश्न रागाचाही नाही आणि शांततेचाही नाही. निर्णयाचा आहे.

चार होल शिल्लक असताना पुढे होता. पंधराव्यावर बोगी, सोळाव्यावर अडीच फुटांचा पट चुकला, अठराव्यावर पावणेचार फुटांचा. त्या मोसमात तीन फुटांच्या आतले ४९६ पैकी ४९६ पट त्याने घातले होते, म्हणजे पटिंगच कच्चं आहे हे म्हणणं टिकत नाही. अठराव्याच्या टीवर मात्र ड्रायव्हर काढला. चेंडू डावीकडे मोकळ्या वाळूत, गवताच्या झुबक्याशी. तिथून ग्रीनवर पोचता येईना. ड्रायव्हरपेक्षा जवळ मारणाऱ्या थ्री वुडने दुसरा फटका जास्त लांबून मारावा लागला असता, पण फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) मारता आला असता.

आणि शेवटचा तो पट पाहा. उताराचा, उजवीकडे वळणारा. असा पट जोरात मारला तर वळण कमी लागतं, पण चुकला की चार-पाच फूट पुढे जातो. हळू सोडला तर वळण पूर्ण धरावं लागतं आणि चेंडू डावीकडे ठरल्या रेषेत निघायलाच हवा. कपाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४३. चूक करायला जागा किती उरते ते मोजा. दोन्हींच्या मधल्या वेगाने मारला की दोन्हीकडचं नुकसान पदरी पडतं. ठरवलेलं नसलं की हात असा मधला वेग काढतात.

या जागी कॅडीने (बॅग वाहून सल्ला देणाऱ्या साथीदाराने) बोलायला हवं. हॅरी डायमंड त्याचा लहानपणीचा मित्र, २०१७ पासून बॅगेवर. मित्र "नको" म्हणत नाही.

अठरावं_होल

असहमत, आणि ठामपणे. कॅडी टीव्हीवर ऐकू येत नाही म्हणून तो बोलतच नाही, हे आपण परस्पर ठरवून टाकतो.

ऑगस्टाचाच क्षण घ्या. नियमित फेरीत अठराव्यावर फेअरवेतून साधारण सव्वाशे यार्डांचा गॅप वेज उजवीकडच्या बंकरमध्ये, मग पाचेक फुटांचा पट चुकला, जस्टिन रोझशी बरोबरी. दोघं टीकडे परत निघालेत. डायमंड म्हणतो, सोमवारी सकाळी कुणी आपल्याला ही संधी देऊ केली असती तर आपण ती घेतली असती. रोरीनेच नंतर हे सांगितलं. चुकलेल्या पटाबद्दल अवाक्षर नाही, वारा नाही, यार्डेज नाही. माणसाला मागच्या पाच मिनिटांतून उचलून पुढच्या फटक्यापाशी आणलं.

प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडायच्या जादा खेळात) पुन्हा तोच होल, जवळपास तेच अंतर, तोच गॅप वेज. या वेळी चेंडू कपाच्या पलीकडे पडून उतारावरून मागे आला, चारेक फुटांवर थांबला. बर्डी. अशा वेळी नवखा, कडक शिस्तीचा कॅडी काय बोलला असता?

थ्री_वुड

तो प्रसंग सुंदर आहे, मान्य. तेराव्यावरचा वेज मात्र अजून खुपतो. ले-अप (मुद्दाम ओढ्याअलीकडे आखूड फटका) केलं होतं ते धोका टाळण्यासाठीच ना? मग ग्रीनच्या डाव्या अंगाला सगळी जागा मोकळी असताना चेंडू ओढ्याच्या बाजूला गेलाच कसा?

पटर_नाशिक

अर्धवट ताकदीच्या वेजमुळे. पूर्ण फटक्यात अंग थांबत नाही. पाऊण फटक्यात मनात "कमी, कमी" चालू असतं, अंगाचं फिरणं मंदावतं, क्लबचा चेहरा उघडा राहतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे सुटतो. हा त्याचा जुना दुखरा कोपरा आहे. २०२५ च्या सुरुवातीला पेबल बीचला त्याने टीपी-५-एक्स सोडून जास्त मऊ, जास्त फिरकी घेणारा टीपी-५ चेंडू घेतला तो याच फटक्यांसाठी. ती स्पर्धा जिंकलाही. चेंडू बदलून सवय पूर्ण जात नाही एवढाच तेराव्याचा अर्थ.

मोकळा_श्वास

लिव्हचं कुणीतरी पुढे न्या. फेअरवे_पुणे यांचा मूळ मुद्दा तिथे उभा आहे आणि तिथेच तो मला अर्धा वाटतो.

६ जून २०२३ ला टूरने सौदी निधीशी समझोता जाहीर केला. ज्याने दीड वर्ष टूरसाठी शिव्या खाल्ल्या त्याला आधी कुणी विश्वासात घेतलं नाही. बळीचा बकरा झाल्यासारखं वाटतं, हे तो दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर बसून बोलला. पळाला नाही. नोव्हेंबरमध्ये टूरच्या धोरण मंडळातून बाहेर पडला. पुढच्या जानेवारीत, गेलेल्या खेळाडूंबद्दल आपण जरा जास्तच न्यायाधीश झालो होतो, हेही कबूल केलं. जॉन राह्म लिव्हला गेला तेव्हा, रायडर चषकाचे (युरोप विरुद्ध अमेरिका) नियम बदला पण त्याला संघात ठेवा, असंही हाच म्हणाला.

याला तुम्ही कोलांटउडी म्हणाल, मी मत बदलणं म्हणतो, तेही चारचौघांत. इतकं बोलून तोंडघशी पडलेला माणूस पुढच्या वेळी ओठ मिटतो, यात मला नवल वाटत नाही.

फेअरवे_पुणे

@मोकळा_श्वास, कोलांटउडी म्हणणार नाही. मत बदलल्याचं जाहीर सांगणं ही त्याची सर्वांत मोठी बाजू आहे. ७ जूनचा तो रोरी मला हवाय म्हणूनच क्वेल हॉलोचा रोरी खटकतो. तुमचा शेवटचा मुद्दा मात्र विचार करायला लावणारा आहे.

बंकरवाला

बेथपेजबद्दल कुणीच कसं बोलत नाही? सप्टेंबर २०२५, रायडर चषक, शनिवार सकाळची फोरसम्स (जोडीने एकच चेंडू आळीपाळीने मारायचा). सोळाव्यावर फटक्याच्या तयारीत असताना गर्दीतून शेरे चालू. रोरी मागे सरला, सगळ्या जगासमोर त्यांना शिवी देऊन गप्प व्हायला सांगितलं, पुन्हा उभा राहिला आणि चेंडू कपाशेजारी टाकला. जोडीदार टॉमी फ्लीटवुडबरोबर तो सामना तिथेच संपवला. त्याच्या बायकोवर पेयाचा ग्लास फेकला गेला तोही त्याच आठवड्यात. युरोप १५-१३ ने जिंकला.

शिवी देऊन ताबडतोब तसा फटका मारायला मागे सरून श्वास घ्यावा लागतो, रेषा पुन्हा बघावी लागते, अख्खा क्रम पहिल्यापासून करावा लागतो. राग त्याने केला आणि मग बाजूला ठेवला.

अठरावं_होल

आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी हा दिल्लीत होता. दिल्ली गोल्फ क्लबची अरुंद फेअरवे, दोन्ही बाजूंना दाट झुडपं, चेंडू आत गेला की बाजूला काढण्याशिवाय इलाज नाही. जगातला सर्वांत देखणा ड्रायव्हर मारणारा माणूस म्हणाला की इथे ड्रायव्हर वापरणार नाही. भारतातला त्याचा पहिला मोठा आठवडा, गर्दी त्याचा ड्रायव्हर बघायला आलेली, आणि याने ड्रायव्हरशिवाय चार दिवस काढले. स्पर्धा फ्लीटवुड जिंकला.

@थ्री_वुड, पाइनहर्स्टच्या अठराव्यासाठी तुम्ही मागताय तो निर्णय हाच ना?

थ्री_वुड

हाच. पण दिल्लीत त्याने तो मंगळवार-बुधवारी सरावात घेतला, डोकं थंड असताना. मला तो मेजरच्या रविवारी, एका फटक्याच्या आघाडीवर, अठराव्याच्या टीवर घेतलेला बघायचाय.