तुम्हाला विज्ञान कुणी समजावलं? अनुभव लिहा

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. तेव्हापासून मनात घोळतंय, आपल्यापैकी कितीजणांना एखादी मोठी कल्पना थेट शास्त्रज्ञाकडून कळली असेल? नुसतं 'छान बोलले' नको, नेमकं काय कळलं ते लिहा. सुरुवात मीच करते.

दादरला शाळेत असताना त्यांचं व्याख्यान ऐकलं आणि सहीसाठी वही पुढे केली. सरांची रीत ठरलेली होती: पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायचा, उत्तराखाली सही मिळायची. 'रात्र काळी का असते?' असं मी लिहिलं, तर बाबा म्हणाले, "सूर्य नसतो म्हणून! यात तुझं अडतंय कुठे?" कुठे अडतंय ते दोन आठवड्यांनी सापडलं. तारे अनंत असतील आणि सगळीकडे पसरलेले असतील, तर बघू तिथे कुठला ना कुठला तारा दिसायला हवा. मग मधे काळोख उरतो कसा? उत्तर आलं, ते कार्ड आजही कपाटात आहे. पण त्या दोन आठवड्यांत गच्चीवरून जेवढं आकाश पाहिलं, तेवढं आधी कधीच पाहिलं नव्हतं.

अंधेरीकर
वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या रंगांचा पट्टा, कॉलेजात पाठ केला होता, कळला मात्र जुहूच्या पृथ्वी थिएटरात. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) मंडळी २००९पासून 'चाय अँड व्हाय?' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम करतात. तिथे एका संशोधक बाईंनी माझ्या हातात जुनी सीडी दिली. पिवळ्या बल्बचे रंग तीत सलग दिसले, ट्यूबलाइटचे तुटक पट्टे. आतल्या पाऱ्याच्या वाफेची ती खूण. ताऱ्याला हात न लावता तो कशाचा बनलाय हे असंच ओळखतात! १८६८च्या ग्रहणात गुंटूरहून सूर्याची अशीच एक अनोळखी पिवळी रेघ दिसली. तो हेलियम होता, पृथ्वीवर तो सापडायला आणखी बरीच वर्षं लागली. घरी येऊन मी प्रत्येक दिवा सीडीत पाहिला.

मानखुर्दची शिक्षिका
मी आठवीला नारळीकरांची 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा वाचून दाखवते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळालंच. 'विवर' ऐकल्यावर मुलं आधी जमिनीतलं बीळ म्हणतात. तिथूनच बोलायला लागते.

परळ
एका संस्थेतल्या व्याख्यानात मी मराठीत प्रश्न विचारला, तर हॉलमध्ये हशा पिकला. वक्त्याने उत्तर दिलं नाही. त्यानंतर सात-आठ वर्षं कुठल्याच व्याख्यानाला गेलो नाही.

लालबाग
२४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. चाळीतल्या एकुलत्या रंगीत टीव्हीवर शास्त्रज्ञ प्रा. यशपाल बोलत होते. खग्रास जेमतेम मिनिटभराचं होतं. ते हिंदीत इतक्या आनंदाने सांगत होते, की फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवून बसलेली आजी दारातून आत आली. सावली चंद्राची आहे, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग ग्रहण सुटायच्या आत डबा उघडून मला चकली दिली.