घरखर्चाचं खातं वेगळं ठेवता का? अनुभव सांगा

आमच्या घरी पगार दोन, पगाराची खाती दोन, तरी वीस तारखेनंतर रोज एकच प्रश्न: पैसे गेले कुठे? गेल्या वर्षी दोघांच्या नावावर तिसरं खातं काढलं, फक्त घरखर्चाचं. पगार झाला की दोघं मिळून 38,000 त्यात टाकतो. किराणा, दूध, वीजबिल, शाळेची रिक्षा, मावशींचा पगार, सगळं त्यातूनच.

खरा फरक पडला तो दोघांच्याही फोनमधलं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडल्यावर. बुधवारी गंगेवरच्या (आमच्या नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात) बाजारात मेथीची जुडी घेताना शिल्लक बघितली: 2,140. महिना संपायला नऊ दिवस. स्ट्रॉबेरी न घेता परत आले, महिना निभावला. पगाराच्या खात्यात हप्ता, विमा सगळंच मिसळलेलं असायचं, त्यामुळे हातात किती उरलेत ते कधी कळायचंच नाही.

आता सासूबाई म्हणतात, सणासुदीचं अजून एक काढा. किती खाती झेपतात? तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा, फसलं असेल तेही लिहा.
– इंदिरानगरहून

ताई, मी सातपूरला एका कारखान्यात फिटर आहे. पगार सात तारखेला, घराचा हप्ता पाच तारखेला, तोही दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून. दर महिन्याला आठवणीने पैसे वळवायचो. दिवाळीत गावी गेलो नि राहून गेलं. हप्ता परत गेला. खातं असलेल्या बँकेने दंड कापला, कर्ज देणाऱ्यांनी वेगळा. मग अर्ज करून हप्त्याची तारीख दहा करून घेतली. शिवाय त्या खात्यात एका हप्त्याएवढे पैसे कायम पडून असतात. ते आपले नाहीतच, असं घरात ठरलंय.

आमची दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षं. तुमचा पगार महिन्याचा, आमचा वर्षाचा. माल निघतो जानेवारी ते एप्रिल. त्यात आलेल्या पैशावर एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, औषधं, मजुरी आणि घर, सगळं ओढायचं.

पूर्वी एकच खातं होतं. व्यापाऱ्याचे पैसे आले की खातं भरलेलं दिसायचं, मग कुणाच्या लग्नात मोठा आहेर, कधी नवी मोटारसायकल. सप्टेंबर उजाडला की औषधाच्या दुकानात उधारी. दोन वर्षांपूर्वी मंडळींच्या नावावर वेगळं खातं काढलं. हिशोब झाला की वर्षाच्या घरखर्चाचे 3,00,000 आधी तिकडे. तिने त्याच्या मुदत ठेवी केल्या, दर महिन्याला एक पावती पिकेल अशा. पीककर्जाचं खातं तिसरं. त्याला घरासाठी कोणी हात लावत नाही, कारण वेळेत फेडलं तरच 3 लाखांपर्यंतचं कर्ज 4 टक्क्यांनी पडतं.

मागच्या साली बेमोसमी पावसाने मणी तडकले, निम्मा माल गेला. ऑगस्टात मी तिच्याकडे बागेसाठी 40,000 मागितले. तिने दिले नाहीत. फार राग आला होता. भावाकडून उसने घेतले. पण पोरीची कॉलेजची फी वेळेत गेली आणि किराणा एकदाही उधार आणला नाही. बरं केलं तिने.

नाशिकरोडहून लिहितोय. वडील प्रेसमधून निवृत्त झालेले, हिशोबाला एकदम पक्के. प्रत्येक कामाला वेगळं खातं. ते गेल्यावर कपाटात पाच पासबुकं निघाली, त्यातली दोन आईलाही माहीत नव्हती. जिथे नॉमिनी होता तिथे मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं आणि एक फॉर्म, एवढ्यावर काम झालं. जिथे नव्हता तिथे प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, आम्हा तिघा भावंडांच्या सह्या; पुण्याच्या बहिणीला दोनदा यावं लागलं. एका खात्यात तर दहा वर्षांहून जास्त काळ व्यवहारच नव्हता. असे पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. वारसांना मागता येतात, पण आधी खातं सापडायला हवं. आम्हाला पासबुक सापडलं म्हणून निभावलं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नावाने शोधता येतं. खाती कितीही काढा, पण यादी घरात दोघांना तरी माहीत असू द्या.

मी पाच काढली होती, तीन बंद केली. प्रत्येकात किमान शिल्लक 10,000, म्हणजे 50,000 नुसते अडकून पडले होते. (कॉलेज रोड)

पंचवटीतून एक भर. सासऱ्यांनी एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी ठेवल्या होत्या, दोन्हीकडे वेगळा ठेव विमा (बँक बुडाली तर मिळणारी भरपाई) मिळेल म्हणून. तसं नसतं. 5 लाखांचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला मिळून आहे, शाखा कितीही असोत. पैसे विभागायचेच तर बँक बदला.

सगळ्यांचं वाचून आज आमची तिन्ही पासबुकं काढली. माझ्या पगाराच्या खात्यावर नॉमिनी म्हणून अजून आईचं नाव आहे, लग्नाआधीचं. आईला जाऊनही चार वर्षं झाली. सोमवारी सुट्टी टाकून बँकेत जाते. सणाचं वेगळं खातं काढत नाही, घरखर्चाच्याच खात्यातून दर महिन्याला 1,500 ची रिकरिंग ठेव लावते.
– इंदिरानगरहून